बर्फावरचा दोर

तीर्थरूप दादास,
विसूचा साष्टांग नमस्कार.

उद्या सकाळी ओंकारेश्वराच्या घाटावर तुझा पुतळा जाळायचा आहे, पळसाच्या पानांचा. देह मिळाला नाही म्हणजे असंच करतात. अग्नी मी द्यायचा. म्हणून आज लिहायला बसलो. उद्यानंतर तुला काय समजून लिहावं, तेच कळत नाही.

तुझ्याबरोबर यात्रेला गेलेला बाळंभट तुझ्यावाचून परतला, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. केदारनाथाहून बदरीनाथाला जवळची वाट म्हणून तुम्ही बर्फाच्या नदीवरून निघालात. दोन दिवसांची चाल. आम्हाला पुण्यात कात्रजच्या नळाचं पाणी ठाऊक. नदी गोठते आणि तिला माणूस मावेल एवढ्या भेगा पडतात, हे डोक्यात कसं शिरावं? पहाडी वाटाड्या काठीनं बर्फ टोचून मगच पाऊल टाकायचा. त्यानं सगळ्यांना कमरेशी एकाच दोरानं बांधलं. तुला सोडून.

"मी सोवळ्यात आहे, हातात गंगेचा गडू आहे," असं तू म्हणालास म्हणे. आणि दहा पावलं लांबून चालत राहिलास.

दादा, ते बोलणं माझं होतं. निघताना दारात मीच बजावलं होतं, "आईसाठी गंगा आणतोयस, वाटेत कोणाचा विटाळ होऊ देऊ नकोस." तू हसून म्हणालास, "आज्ञा, शास्त्रीबुवा." थट्टाच करत होतास ना? मग एवढी पाळलीस कशाला?

पायाखालचा बर्फ खचून तू भेगेत गेलास, तेव्हा वरून दोर सोडला होता. बाळंभट म्हणतो, "हाक ऐकू येत होती, पण दोर धरला नाही हो त्यांनी." हात पोचला नाही, की धरायचाच नव्हता? मला रोज वेगळं वाटतं. आधी तुझा राग येतो, मग माझा.

गडू वरच राहिला. तो त्या वाटाड्यानंच उचलून दिला. आईनं तो देव्हाऱ्यात ठेवलाय, रोज फूल वाहते. कोणाच्या हातून आला, हे तिला सांगितलेलं नाही. सांगू का?

वहिनी अजून कुंकू लावते. "चुकून परत आलेच तर?" म्हणते. मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, "आला तर बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. लग्नसुद्धा." वहिनीला सांगितलं, तर ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

तो पुतळा लोकरीच्या दोऱ्यानं बांधतात. बांधायचं काम भटजींचं, पण उद्या ते मी मागून घेणार आहे. एकही देठ सुटा राहू देणार नाही, दादा. घट्ट बांधीन.

तुझा धाकटा,
विसू