मिळवायचे राहिलेले साडेपाच तास

सर,

मी तुमच्यावर चिडलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर कसलं चिडायचं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. बुधवारी माझी एक विद्यार्थिनी विमान घेऊन बंद आकाशात शिरली. शहरात मोठा पाहुणा येणार म्हणून विमानतळाभोवतीचं आकाश दोन तास छोट्या विमानांना बंद होतं. सूचनेतली वेळ नेहमीसारखी जागतिक, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली होते. पोरीनं मिळवलेच नाहीत. निघण्याआधी मी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. आता चौकशी लागलीय, माझं लेखी निवेदन मागितलंय, आणि तिचं लायसन त्यावर लटकलंय. तुम्ही काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे. त्याचाच तर राग आलाय.

तुमची एक खोड होती. विमानात चढण्याआधी प्रत्येकानं बंदीची वेळ, आपल्या घड्याळाची, डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायची, आणि तुम्ही हात पुढं करायला लावून ती वाचायची, शाळेत मास्तर नखं बघतात तशी. आम्ही मागं हसायचो. मी शिकत असताना एके दिवशी माझ्या दोन्ही हातांवर बहिणीच्या लग्नाची मेंदी होती, पार कोपरापर्यंत. पेन उमटणार कुठं? तुम्ही मेंदी बघितलीत, जरासे संकोचलात, आणि हात काही पुढं करायला लावला नाहीत. नुसतं विचारलंत, "साडेपाच मिळवले ना, बेटा?" मी हो म्हणाले. धडधडीत खोटं. लग्नाची झोप डोळ्यांवर होती, कागदावर सहा ते आठ लिहिलेलं होतं, मी म्हटलं सकाळचं असेल, सरलं. खरं तर ते साडेअकरा ते दीड होतं.

साडेदहाला मी एकटीच पैठणकडं निघते. साडेअकराच्या आत चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायला हवं, पण मला कुठं घाई? जायकवाडीच्या पाण्यावर आणखी एक चक्कर मारते. वर लई छान वाटत असतं, खोटं कशाला सांगू. परत फिरते, बिडकीन मागं पडतं, आणि रेडिओवर टॉवरचा माणूस, एरवी हसून बोलणारा, माझ्या विमानाचा नंबर घेऊन ओरडतो. मागं वळ, आत्ता, लगेच. घड्याळात पावणेबारा. टाकीत जेमतेम तासाभराचं तेल, आणि आकाश उघडायला पावणेदोन तास. मी काहीतरी बरळत असते तोवर तुमचा आवाज येतो. तुम्ही फ्लाइंग क्लबातून पळत टॉवरवर गेला होतात, हे मला नंतर कळलं.

"रडायचं नंतर. आधी वळ. धरणाचा काठ धर, वेग उतरव, आणि दर पाच मिनिटांनी मला तेलाचा काटा सांग."

मी काटा सांगते, तुम्ही "बरं" म्हणता. पुन्हा सांगते, पुन्हा "बरं". खाली काठावरच्या शेतांत उतरता येईल अशी एखादी पट्टी शोधते, तर सगळीकडं ऊस. मधल्या वेळात तुम्ही तिथल्या पोलीस साहेबाला गळ घालत होतात, तो ऐकेना. पाहुण्याच्या गाड्या विमानतळाबाहेर पडल्यावर कुठं मला दहा मिनिटं मिळाली. उतरले तेव्हा काटा तळाला टेकला होता. तुम्हीच मला पंखावरून खाली घेतलंत.

चौकशीच्या अधिकाऱ्यानं मलाच विचारलं, वेळ बदलून घेतली होती का. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "मी हिचा हात बघितला नाही. चूक माझी." मी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. माझं शिकाऊ लायसन वाचलं, तुमची शिकवायची परवानगी गेली. तुम्ही गुलमंडीत भावाच्या कापडाच्या दुकानात बसायला लागलात. पुढं पक्कं लायसन मिळाल्यावर मी पेढे घेऊन आले, तर तुम्ही ड्रेसचं कापड मापून दिलंत, वरच्या हवेचं विचारलंत, चहा पाजलात. त्या दिवसाचा शब्द नाही. एकदा तरी झापायचं होतं हो सर. थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं, मी मोकळी झाले असते. तुम्ही माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेऊन गेलात आणि मला वर्षानुवर्षं सज्जन म्हणून हिंडायला लावलंत.

आता कुणी हातावर लिहीत नाही, सगळं टॅबवर असतं. बुधवारी तो तिच्या मांडीवरच होता. मी शेजारी उभी होते, नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं. विचारलं, पण बघितलं नाही.

निवेदन मी दुपारीच देऊन टाकलं, सर. मी विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती, असं त्यात लिहिलंय. मी बघितलं नव्हतं, ते लिहिलेलं नाही. ती बाहेर बाकावर बसलीय, मॅडम काहीतरी करतील म्हणून. तिच्यासमोर जायची हिंमत होत नाही, म्हणून आत बसून तुम्हाला लिहितेय.