चेतनाची नाली

गोरेगाव,
सोमवार

तीर्थस्वरूप शालीकराम भाऊजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे दुर्गाप्रसादचा, दंडवत पोचावा. इकडे सगळे सुखरूप आहेत, धान कापणीला आले आहे आणि किराणा दुकान देवाच्या दयेने चालले आहे. सुशिलाताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावे, ढाब्यावर दिवसभर उभी राहू नकोस. (ऐकणार नाही, ठाऊक आहे. आमच्या घराण्यात कोणी कोणाचे ऐकत नाही. माझी लेक चेतनाही त्याच घराण्यातली आहे, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.)

परवा फोनवर तुम्ही फार तापलात. दुकानात गिऱ्हाईक उभे होते, म्हणून गप्प राहिलो. हिमांशूचे वडील केवलरामजी तुम्हाला म्हणाले की, तुम्ही आणलेल्या स्थळाची पोरगी नाल्या उपसते, अशी तुमच्या कोहमाऱ्यात बोंब आहे. तुम्ही तर सोयरीक जुळवताना त्यांना 'आरोग्य खात्यातली मोठी मॅडम' सांगितले होते. (मॅडम हा शब्द तुमचा. मी फक्त 'सरकारी' म्हणालो होतो.)

तर भाऊजी, चेतना नाली उपसत नाही. नालीतले पाणी बाटलीत भरते, बर्फाच्या डब्यात ठेवते आणि गोंदियाला प्रयोगशाळेत नेऊन तपासते. माणूस दवाखान्याची पायरी चढण्याआधी त्याचा रोग नालीत उतरलेला असतो म्हणे, तो तिथेच पकडायचा. सरकारने त्यासाठी गाडी दिली, यंत्रे दिली आणि माझ्या मुलीला पगारही दिला. ज्या नालीवरून आम्ही जन्मभर नाक दाबून उड्या मारल्या, तिच्यासाठी सरकारने हात सैल सोडला, आणि त्या कामावर नेमली कोण, तर आमची चेतना. छाती फुगणार नाही तर काय होईल?

या फुगलेल्या छातीनेच घोळ केला. गोरेगावातला पहिला नमुना आमच्याच गल्लीतून घेणार, असे ती जेवताना बोलून गेली. सरकारी गाडी दारात येणार, तीही पोटच्या पोरीची! मी गल्ली गोळा केली. दुकानातली ब्लिचिंग पावडर आणि फिनाईल फुकट वाटले. आम्ही नाली अशी घासली की तळाचे सिमेंट दिसू लागले (ते आहे, हेच कित्येकांना माहीत नव्हते). शेजारच्या सेवकरामच्या बायकोने दोन्ही काठांना रांगोळी घातली आणि मी नारळ फोडला. चेतना हातमोजे चढवून उतरली, वाकली, वास घेतला आणि तिथेच कपाळाला हात लावून बसली. "बाबा, काऊन धुतली जी? सारे जंतू मारून टाकले, आता मी नमुना कायचा नेऊ?" भाऊजी, पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडायचे, हे आपल्याला आईने शिकवले. घाण तशीच ठेवा, असे कोणी कधी शिकवले? पोरीने नंतर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. खोबरे ड्रायव्हरने खाल्ले.

पुढच्या खेपेला आम्ही नालीला बोटही लावले नाही. आणि त्याच नमुन्यात काविळीचे जंतू निघाले. गावात एकही माणूस आजारी नाही, मंडईची जत्रा महिन्यावर आलेली, घरोघरी लेकी-जावयांना बोलावणी गेलेली. सेवकराम माझ्या दुकानात येऊन ओरडला, "मंडई होऊन राहिली, पावने येऊन राहिले, अन् तुयी पोरगी कावीळ कावीळ करून राहिली! गावाचं नाव खराब करतं का?" खरे सांगतो, मीही डगमगलो. केवलरामजी मंडईलाच मुलगी बघायला येणार होते ना! पण चेतना आमच्या ओट्यावर उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला म्हणाली, "पावन्यायले बोलवा, पण पाणी उकळून पाजा." नगरपंचायतीच्या मागे लागून तिने खोदायला लावले. नळाची पाइपलाइन नालीच्या तळातून गेलेली, आणि नेमकी तिथेच फुटलेली! ती बदलली. आजवर गल्लीत एकाचेही डोळे पिवळे झालेले नाहीत. न झालेल्या रोगासाठी कोणी हार घालत नाही, भाऊजी. पण मी बाप आहे. मला अभिमान वाटतो आणि तो मी लिहून कळवतो.

सेवकरामचे म्हणाल, तर तो हल्ली भांडतो की नमुना दरवेळी तुमच्याच दारासमोरून का, आमच्या घरची घाण काय कमी आहे?

मंडईला ताईला घेऊन अवश्य यावे. रात्री दंडारीचा नाच-तमाशा आहे. पाणी उकळलेले मिळेल.

तुमचा,
दुर्गाप्रसाद

ता. क. खरे काम लिहायचे राहिलेच. लग्नाआधी मुलीने ही नोकरी सोडावी, अशी केवलरामजींची अट तुम्ही कळवलीत. त्यांना स्पष्ट सांगावे की चेतना येईल ती नोकरीसकट, नाहीतर येणार नाही. मात्र नाही म्हणण्याआधी त्यांनी एकदा मुलगी बघावी. चहा-पोह्याचा ट्रे घेऊन खाली मान घालून बसलेली मुलगी काय कळणार? पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी कोहमाऱ्याचा पहिला नमुना आहे आणि जागा ठरली आहे तुमच्या ढाब्यामागची नाली. केवलरामजींना आणि हिमांशूला तिथे उभे करा. माझी मुलगी बघायची, तर कामावर बघा. (चेतनाला यातले काही माहीत नाही.)

ता. क. दुसरा. हात जोडून विनंती. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हणून ताई झाडू शोधू लागेल. तिला धरून ठेवा. नाली धुवू नका.