वळण संपतं तिथे उभं राहू नये

मंगळवार, १४ तारीख

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. या वेळी आठांतलं एक अंग कमी आहे, तेवढं गोड मानून घे. का ते पुढे येईलच.

तुझं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते. ‘माझ्या मुलीला काय केलंस?’ ही पहिली ओळ आणि ‘शनिवारी तिला न्यायला येतेय’ ही शेवटची. मधे धाकट्या बहिणीची ख्यालीखुशाली विचारायला जागा उरली नाही. मी फोन करू शकले असते, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस आणि मला जे सांगायचंय त्यात बरीच वाक्यं आहेत. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. डाव्या हातानं लिहितेय.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भिंगरीला काहीही झालेलं नाही. जेवते, झोपते, माझ्या स्वयंपाकघरातले डबे मी लावले होते त्याच्या बरोबर उलटे लावते. अंगावर एक ओरखडा नाही. ओरखड्याचं मुद्दाम लिहिते, कारण ‘माझ्या पोरीच्या अंगावर एक ओरखडा जरी उठला, तरी तुझं मोटरसायकल शिकवणं बंद आणि ती परत घरी’ ही तुझी अट होती. मी ती कबूल केली होती आणि शब्दशः पाळलीय. हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तू माझं मैदान कधी बघितलं नाहीस. बोलावूनही आली नाहीस, तुला गाड्यांचा आवाज सोसत नाही म्हणे. जुन्या गोदामामागचं सिमेंटचं पटांगण आहे, कडेनं लोखंडी कठडा. एका कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिच्यात हेल्मेटांचं कपाट आणि वारा कमी, आवाज जास्त देणारा पंखा. मी आणि मास्तर मिळून शिकवतो. मास्तर पूर्वी मोटरसायकलवरून टपाल वाटायचे. आयुष्यात एकदाही पडलो नाही असं सांगतात, आणि त्यांचा वेग बघितला की ते पटतं.

शिकायला येणारी सगळी नुकती मिसरूड फुटलेली नाहीतर नुकती कॉलेजात गेलेली. आपल्याला सगळं येतंच, फक्त कागद मिळायचा बाकी आहे, अशा थाटात येतात. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही इंजिन सुरूच करू देत नाही. गाडी नुसती ढकलायची, मैदानभर. मग ती आडवी पाडायची आणि एकट्यानं उचलायची. या तुकडीत एक पैलवान आहे, दंड माझ्या मांडीएवढे. त्यानं हँडल धरून ओढलं, लालबुंद झाला, गाडी जागची हलेना. भिंगरीनं गाडीला पाठ लावली, गुडघ्यांत वाकली आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत गाडी उभी केली. दवाखान्यात पेशंटना असंच तर उठवतो, म्हणाली. पैलवान दिवसभर फुरंगटून बसला आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारायला आला, परत एकदा दाखवतेस का म्हणून.

भाची म्हणून मी तिला काडीची सवलत दिली नाही. एकदा चपला घालून आली तेव्हा सगळ्यांदेखत फाटकावरून परत पाठवली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण बूट घालून परत आली. अचानक ब्रेक लावायचा म्हटलं की बाकीची पोरं घाबरून मागचाच ब्रेक दाबतात आणि गाडी फरफटत जाते. ही पुढचा ब्रेक लिंबू पिळल्यासारखा हळूहळू आवळत नेते आणि गाडी हवी तिथे उभी करते. मी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही, तुला ठाऊक आहे. तिचंही केलं नव्हतं. घोळ तिथेच झाला.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, कंटाळू नकोस. गाडी नजरेच्या मागे जाते. खड्ड्याकडे बघत राहिलं की माणूस हमखास खड्ड्यात जातो. वळण जिथे संपतं तिकडे बघितलं, की गाडी आपसूक तिकडे वळते. पोरांना हे पटायला दिवसचे दिवस लागतात. म्हणून आमच्याकडे एक दंडक आहे. वळण संपतं तिथे शिकवणाऱ्यानं कधीही उभं राहायचं नाही. माणूस दिसला की शिकणाऱ्याची नजर त्याच्यावर जाते, आणि नजरेमागून गाडी. मास्तर म्हणतात, मी हे झोपेतसुद्धा बजावत असेन.

मागच्या मंगळवारी मी तिथेच जाऊन उभी राहिले.

तिकडच्या कोपऱ्यातलं आखूड वळण तिला जमत नव्हतं. आत शिरताना कचरायची, मधेच ब्रेक लावायची. त्या दिवशी तिनं ते एकदा घेतलं, परत घेतलं, आणि इतकं सुरेख घेतलं की माझं भान सुटलं. ती पुन्हा वळणात शिरली आणि मी माझी जागा सोडून दोन्ही हात पसरून समोर चालत गेले. हसत. माझं हसणं तू शेवटचं कधी पाहिलंस ते आठव, म्हणजे तिची काय अवस्था झाली असेल ते कळेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि गाडी सरळ माझ्याकडे आली. घाबरलेला माणूस मूठ मागे ओढतो, आणि मोटरसायकलची उजवी मूठ मागे ओढली की ती आणखीच पळते. मी बाजूला उडी मारली. अर्धी जमली.

उजवा हात मोडला, कोपराखाली. प्लास्टर घातलंय. बरगड्या हसताना दुखतात, म्हणून हसणं बंद केलंय, म्हणजे सगळं पूर्ववत झालं म्हण. ती गाडीसकट नारिंगी शंकूंच्या ओळीत जाऊन पडली. जाड जाकीट खरचटलं, हातमोजे फाटले, हेल्मेटवर बोटभर लांब चरा आला, आणि आतली मुलगी जशीच्या तशी उठून उभी राहिली. यासाठीच मी त्या पोरांच्या शिव्या खाऊन भर उन्हात त्यांना ही खोगिरं घालायला लावते. हेल्मेटवरचा चरा तुझ्या अटीत बसत नाही असं माझं ठाम म्हणणं आहे. माझ्या हाताबद्दल तर आपलं काही बोलणंच झालं नव्हतं.

मला जमिनीवर बघून पैलवान रडायला लागला. भिंगरी नाही. तिनं कपाटाची फळी काढून आणली, माझा हात तिच्यावर ठेवून बांधला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्याशी बडबडत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं. मी छाती काढून सांगितलं. तोवर ती बाहेर बाकावर डोकं गुडघ्यांत घालून बसली होती.

त्या दिवसापासून तिनं गाडीला हात लावलेला नाही. तुला फोन करून ‘मला घरी ने’ म्हणाली, कारण सांगितलं नाही, ते मला तुझी बोलणी बसू नयेत म्हणून. आपल्या घरात सगळेजण एकमेकांना सांभाळायचं म्हणून गप्प बसतात आणि मग पत्रं लिहायची वेळ येते. तिची बॅग भरून दाराशी ठेवलीय. मी येताजाता त्या बॅगेला ठेचकाळते.

तू म्हणशील, बरं झालं, सुटली. ताई, नाही. पुढच्या महिन्यापासून दवाखाना तिला गाडी देणार आहे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायला, इंजेक्शनं द्यायला. आमचं प्रमाणपत्र नसेल तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर ते काम नाही. मग खिडकीत बसून नंबर पुकारायचे. तिला ते घरोघरचं काम किती हवंय, ते नर्सिंगला गेल्यापासून तू ऐकतेयस. मला माझ्या हाताची भीती वाटत नाही, हात महिन्या-दीड महिन्यात जुळेल. मला भीती वाटते ती ही, की एकदा ती तुझ्याबरोबर बसमध्ये बसली की पुन्हा कधी हँडल धरणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहितेय.

मी तिला परवा सरळच विचारलं, समोरचा रस्ता सोडून माझ्याकडे का बघितलंस.

“तू हसत होतीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, बोलावतेयस.”

मला तुझी आठवण आली. ही पहिली पावलं टाकायला लागली तेव्हा तू समोर बसून हात पसरायचीस, आणि ही धडपडत, हसत तुझ्या अंगावर येऊन पडायची. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. आपल्या माणसाचा हसरा चेहरा दिसला की तिकडे जायचं, हे आपणच तिला शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं. फक्त गाडीवर ते चालत नाही. ती कामाला लागली की दाराखिडक्यांतून लोक हात करणार, ओळखीची माणसं रस्त्यात भेटणार. सगळ्यांवर माया करून त्यांच्याकडे न बघता पुढे जायचं, एवढंच तिचं शिकायचं राहिलंय. बाकी सगळं तिला येतं. माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली, हे मी उगाच म्हणत नाही.

तेव्हा आता माझी अट ऐक. शनिवारी सकाळी परीक्षा आहे. परीक्षक बाहेरून येतात, माझा त्यात हात नाही, तसाही सध्या एकच आहे. तू घरी येऊ नकोस, सरळ मैदानावर ये. आखूड वळणाच्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे उभी राहा. अगदी वळणाच्या समोर नको, त्याचा अनुभव मी घेतलाय. हाक मारू नकोस, हात करू नकोस. आवाज सोसत नसेल तर कानांत कापूस घाल. मी खोलीतून बाहेर येणार नाही. मला बघितलं की तिला अजून प्लास्टरच दिसतं. पण आपलं माणूस समोर असताना वळण घेता आलं पाहिजे, आणि माझ्यानंतर तिचं आपलं माणूस तूच.

ती गाडीवर बसेल की नाही? आज विचारशील तर नाही म्हणते. मी बसेल म्हणते. आमच्या दोघींत कोण जास्त हट्टी आहे ते तुला माहीत आहे.

ती तुझ्यासमोरून जाईल आणि तुझ्याकडे वळूनही बघणार नाही. तुला वाईट वाटेल, वाटू दे. त्यानंतर तिला न्यायचं की इथे ठेवायचं ते तू ठरव. मी मधे पडणार नाही, आणि या वेळी खरंच पडणार नाही.

भावोजींना नमस्कार. त्यांना हाताचं तूच सांग. म्हणजे दोन्ही हात मोडले असंच सांगशील, पण चालेल.

तुझ्या बोलण्यांची वाट बघणारी,
तुझी धाकटी

बुधवार

आई,

मावशीला एका हातानं पाकीट चिकटवता येईना, म्हणून तिनं ते माझ्याकडे दिलं. वाचू नकोस असं काही म्हणाली नाही. मुद्दामच म्हणाली नसणार.

तिनं तुला धड सांगितलेलं नाही. हात दोन ठिकाणी मोडलाय. दुखतं तेव्हा मास्तरांवर ओरडते. माझ्यावर एकदाही ओरडली नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

पत्र वाचून मी मैदानावर गेले. मास्तरांना म्हटलं, वळणाच्या बाजूला एक खुर्ची ठेवा आणि तिच्यावर मावशीचं जाकीट टांगा. पैलवान म्हणाला, खुर्ची कशाला, मी उभा राहतो. मास्तरांनी त्याला हाकलून दिलं. पहिल्यांदा खुर्चीकडे बघितलं, आणि गाडी लगेच तिकडे निघाली. थांबवली. परत घेतली, परत बघितलं. मग पुढे बघितलं, वळण संपतं तिथे, आणि खुर्ची कधी मागे गेली ते कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत तेवढंच केलं. बॅग अजून दाराशी आहे. ती उघडायची की नाही ते शनिवारनंतर.

पत्र आताच टाकते, म्हणजे तुला वेळेत मिळेल. तू ये. मावशी सांगते तिथेच उभी राहा. तू तिथे आहेस हे मला माहीत असेल.

मी तुझ्याकडे बघणार नाही.

तुझी,
भिंगरी