गुरुवारचा निरोप

१२ नोव्हें., बुध.

सोनालीचं नाव दिल्लीच्या यादीत आलं. तिनं दुपारी वजनकाट्यावर फोन केला. काट्यावर सोयाबीनचा ट्रॅक्टर धडधडत होता, नीट ऐकू येईना, दोनदा विचारलं. दिल्लीच्या पोलिसात शिपाई. पोरगी बाविसाव्यात आहे.

संध्याकाळी घरी आलो तर नेहमीसारखी भाकरी थापत होती. आनंद झालेला माणूस इतक्या सावकाश भाकरी थापतो का? तिची आई मंगल देवापुढं साखर ठेवून बसलेली, डोळे पुसत.

सो. म्हणाली, "दादा, अजून पडताळणी व्हायचीय. मग हजर व्हायचं पत्र. आन् आपल्या जिल्ह्याच्या भरतीचा निकाल बी लागायचाय. तिकडं जायचं का हितं वाट बघायची, तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही सांगाल तसं. दहावीनंतर या पोरीनं एकही गोष्ट मला, बापाला, विचारून केलेली नाही. भरतीच्या अकॅडमीत नाव घातल्यावर सांगितलं. केस कापून आल्यावर सांगितलं. मग आत्ताच का?

१४ नोव्हें., शुक्र.

येडशीच्या स्टँडवर अकॅडमीवाल्यांनी फ्लेक्स लावलाय. सो.चा फोटो, तिच्यापेक्षा मोठा सरांचा फोटो. आम्हाला विचारलं नाही.

मेहुणा दिगंबर ढोकीहून पेढे घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं? मंगल म्हणते तिनं नाही. तो म्हणतो स्टँडवर फ्लेक्स बघितला. पण पेढ्याच्या खोक्यावर ढोकीच्या दुकानाचं नाव होतं. म्हणजे निघायच्या आधीच त्याला माहीत होतं. मी पेढा खाल्ला.

"दाजी," म्हणाला, "पोरीला एवढ्या लांब धाडून तुमाला झोप लागंल का?" मग हळूच परंड्याकडचं स्थळ काढलं. मुलगा ग्रामसेवक. "त्येंना वर्दीवाली चालती. फक्त जिल्ह्यातली पायजे."

मंगल आतून म्हणाली, "चालती म्हंजे? मोटारसायकल हाय का ती?"

दिगंबर हसला. मीही हसलो. तो गेल्यावर लक्षात आलं, दिल्लीला पाठवू नका म्हणून त्यानं जी जी कारणं सांगितली ती सगळी माझ्याच मनातली होती. लांब आहे, मुलखाचं कुणी नाही, पोरीची जात. त्याचा हेतू मला दिसतो. मग माझा काय?

१६ नोव्हें., रवि.

चार दिवस झाले, सो. गोठ्यामागं उभी राहून फोनवर हिंदीत बोलते. हसते. मी वैरण टाकायच्या निमित्तानं गेलो. "हां दीदी, हां दीदी" एवढंच कानावर आलं. मी आलेला दिसल्यावर पोराशी बोलतानाही कुणी दीदी म्हणू शकतं.

"कुणाशी बोलतीस?"

तिनं फोनच हातात दिला. "घ्या, तुम्हीच बोला."

पलीकडून बाई मराठीत बोलली. मूळची केजची. आठ वर्षं झाली तिकडच्या पोलिसात. सो.चा अभ्यास तीच घेत होती म्हणे, हिंदी पक्की व्हावी म्हणून हिंदीत बोलतात. म्हणाली, "काका, खोटं सांगत न्हाय. थंडी लई. पहिल्या हिवाळ्यात म्या रडले. सुट्टी मागितली की मिळतीच असं न्हाय. ज्वारीची भाकरी डोळ्याला दिसत न्हाय."

"मग माघारी का येत न्हाय?"

ती म्हणाली, "हितं मला कुणी अमक्याची पोरगी, तमक्याची सून म्हणून वळखत न्हाय, काका. सवय झाली त्याची."

फोन परत दिला. रात्रभर तिचं बोलणं डोक्यात. कुणी आपणहून इतकं खरं सांगायला लागलं की मला शंका येते. जो ड्रायव्हर न विचारता सांगतो की टाकी भरलेली हाय, त्याची गाडी मी दोनदा बघतो.

१७ नोव्हें., सोम.

पहाटे रामलिंगाला निघालो. सो. घाटाच्या रस्त्यानं पळत होती, बरंच पुढं. गाडी बंद करून झाडाखाली थांबलो. देवाच्या वाटेवर असं करू नये. पण बघायचं होतं, बरोबर कुणी आहे का.

कुणी नव्हतं. वळणावर ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली आणि मागं न बघताच मोठ्यानं म्हणाली, "दादा, देवाला उशीर व्हायलाय."

दर्शन घेतलं. पिंडीवर पाणी घातलं, मागितलं काही नाही.

२० नोव्हें., गुरु.

दुपारी जेवायला घरी आलो आणि दहा मिनिटांत पोलीस ठाण्याचे हवालदार आले. पडताळणीसाठी. सो. धाराशिवला अभ्यासिकेत, मंगल शेतात. मी एकटा.

चांगला माणूस वाटला. पाणी घेतलं, चप्पल बाहेर काढली. पण प्रश्न फार. भांडणतंटा? न्हाय. कुणी तक्रार केलीय का पोरीबद्दल? मी म्हणालो, "का? आलीय का?" तो म्हणाला, "विचारायचं असतं, मामा." विचारायचं असतं म्हणजे काय? दिगंबरनं काही केलं असेल का? शेजारच्या ओट्यावर दोघं बसले होते, तेही इकडंच बघत होते.

जाताना म्हणाला, "सोमवारपत्तोर पोरीला कागदपत्रं घेऊन ठाण्यात पाठवा. मूळ प्रती. सोमवारी मला अहवाल धाडायचाय. न्हाय आली तर हजर झाली न्हाय असं लिहावं लागंल." मी मान हलवली. त्यानं माझा नंबर घेतला, तिचाही घेतला.

सो. सहाला आली. जेवली. मी विसर

ते खोटं आहे. विसरलो नाही. ती समोर बसून ताक पीत होती आणि मला प्रत्येक शब्द आठवत होता. नाही सांगितलं.

२१ नोव्हें., शुक्र.

काट्यावर सुट्टी टाकली, तुळजापूरला गेलो. घरी सांगितलं, देवीचा वार आहे.

दर्शन शांतपणानं झालं. मग चिंतामणीच्या, कौल देणाऱ्या गोल दगडाच्या, रांगेत उभा राहिलो. आयुष्यात दोनदाच त्या दगडावर हात ठेवलाय, एकदा लग्नाच्या वेळी, एकदा वडील दवाखान्यात होते तेव्हा. दोन्ही वेळा उजवीकडं फिरला, दोन्ही वेळा देवीनं हो म्हटलेलं खरं झालं.

नाणं ठेवलं, दोन्ही तळवे टेकले. मनात म्हणालो, आई, पोरीला पाठवू का?

डावीकडं फिरला. लगेच. नाही.

मला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणंच टोचलं. अठरा वर्षं काट्यावर आहे. गाडीला कुणी नुसतं बोट टेकवलं तरी आकडा बघून मला कळतं. उजव्या तळव्याला भार होता. माझा होता.

रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिलो. एकच गोष्ट देवीला दोनदा विचारू नये, माझी आई सांगायची. तरी विचारली. या वेळी हात इतके हलके ठेवले की दगडाचा गारवा तेवढा लागला. दगड जागचा हलला नाही. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मागची म्हातारी म्हणाली, "बाबा, उरका की. आमाला बी विचारायचंय देवीला."

हलला नाही म्हणजे काम लांबणार. का देवीनं उत्तरच दिलं नाही? पहिल्यांदा देवी बोलली की मी?

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसलो. वाटेत एकदाही डोळा लागला नाही.

२२ नोव्हें., शनि.

सांगितलं नाही. सकाळी सो. म्हणाली, "दादा, देवीला काय मागितलं?" मी म्हणालो, "सगळ्यांचं बरं." तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

काट्यावर एका उसाच्या गाडीचं वजन चुकीचं लिहिलं. ड्रायव्हरनंच दाखवलं.

२३ नोव्हें., रवि.

मंगलनं गाठलं, तुरीच्या शेतात. शेजारणीकडून तिला कळलंच. "बेस्तरवारी पोलिस कशाला आलता?"

सांगितलं सगळं. तुळजापूरचंही. ती शेंगा बघत राहिली, माझ्याकडं नाही.

"दगडाला काय इचारलं तुमी?"

"पाठवू का, म्हणून."

"तिनं जावं का, असं न्हाय इचारलं?"

मी एक शेंग तोडली.

"मला बी वाटतं हितंच ऱ्हावी," मंगल म्हणाली. "म्या तिच्या तोंडावर सांगितलं तसं. रडून सांगितलं. पर कुणाचा निरोप दाबून ठिवला न्हाय." मग पाटी उचलली. "आज सांगा तिला. म्या न्हाय सांगणार, तुमीच."

रात्री सांगणार होतो. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत ती कागद लावत होती, प्लास्टिकच्या फाइलमध्ये एकेक. सगळ्या मूळ प्रती. इतक्या रात्री कशाला? परत फिरलो.

२४ नोव्हें., सोम.

रामलिंगाला गेलो नाही. ती पळून आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं. ती आज पळायला गेलीच नव्हती. अंघोळ करून, पांढरा ड्रेस घालून, फाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

मी म्हणालो, "सोनाली, ठाण्यातून निरोप हाय. बेस्तरवारचा."

"म्हाईतंय," ती म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी फोन आलता हवालदारांचा. शुक्रवारीच जाणार होते."

"मग गेली का न्हाईस?"

"तुम्ही सांगताय का बघत होते."

चार दिवस. मी तिच्यावर नजर ठेवून होतो आणि ती माझ्यावर. एका ताटात जेवत होतो.

मला वाटलं रागावेल. रागावली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, "आज बी गप बसला असता तर म्या एकटी गेले असते. येताय का सोडायला?"

गाडीवर मागं बसली. ठाण्यात हवालदारांनी एकेक कागद बघितला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "मामा, आगदी शेवटच्या दिवशी? निरोप दिला न्हवता का पोरीला?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दिलता की. त्याच दिवशी. एक कागद घावत नव्हता म्हणून उशीर झाला."

डोळ्याची पापणी हलली नाही तिची. ठाण्यात, वर्दीच्या माणसापुढं, पोलीस व्हायच्या आधीच माझ्यासाठी खोटं बोलली. का माझ्यासाठी नाहीच? बाप निरोप दाबतो असं अहवालात येऊ नये म्हणून, स्वतःसाठी? गाडीवर विचारणार होतो. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

२६ नोव्हें., बुध.

दिगंबरचा फोन. "दाजी, पडताळणी झाली म्हणं?" याला सगळं कसं कळतं? मी सरळ विचारलं, "तू कुठं तक्रार केलीस का पोरीची?"

तो म्हणाला, "दाजी, तिच्या पळायच्या बुटासाठी म्या तिच्यासंगं लातूरला गेलतो. यादी लागली तवा तिनं आधी मला फोन केला, मग तुमाला. पेढे तवाच घेतले. तुमाला वाईट वाटू नये म्हणून फ्लेक्सचं सांगितलं." आणि ठेवून दिला.

मंगलला विचारलं. बुटांचं तिला माहीत होतं. घरात मलाच माहीत नव्हतं. मी विचारत नाही, बघत बसतो. बघून काय कळतं ते आता दिसलं.

संध्याकाळी देवापुढं बसलो. मागायला काही सुचेना. नुसता बसलो.

२९ नोव्हें., शनि.

आपल्या जिल्ह्याची यादी लागली. सो.चं नाव आहे, पण प्रतीक्षा यादीत, वरून चौथी. चौघं सोडून गेली तर हितं. नाहीतर नाही. दिल्लीचं पत्र यायचंय, आठवड्यात येईल म्हणतात, आणि आलं की लगेच कळवावं लागेल, येते का नाही.

मंगलनं तिच्या आवडीची शेंगाची पोळी केली. दोन खाल्ल्या. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आता मी काय म्हणालो असतो, माझं मलाच नक्की सांगता येत नाही. लांब आहे हे खरंच आहे. ती माझ्या डोळ्यासमोर नसेल हेही. पण डोळ्यासमोर असताना मी काय पाहिलं?

१ डिसें., सोम.

सकाळी सव्वानऊ. सो. न्हाणीत. तिचा फोन कोनाड्यात चार्जिंगला. वाजला.

नंबर अनोळखी, आपल्याकडचा नव्हे. मी हाक मारली, "सोनाली, फोन वाजतोय."

"कुणाचाय?"

"म्हाईत न्हाय. बाहेरचा नंबर हाय."

पाण्याचा आवाज थांबला. "घ्या की तुम्ही."

विश्वासानं म्हणाली की मी काय करतो ते पुन्हा बघायचं होतं तिला, कळलं नाही. घेतला. पलीकडं माणूस हिंदीत. तिचं पूर्ण नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, म्हणजे माझं. मग काहीतरी तारीख, हजर होणार का, असं.

"आप रुकिए," मी म्हणालो, "वो खुद बोलेगी." आणि फोन घेऊन न्हाणीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत बांगड्यांचा आवाज झाला. कडी निघाली. ओला हात बाहेर आला.

हातात फोन ठेवला आणि लगेच तिथून निघालो, अंगणाच्या पार टोकाला, जिथं ऐकू येत नाही तिथं.