तार वाचून दाखवण्याची परवानगी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तारेच्या यंत्राची कट्टकट्ट आठवावी लागते, मग तिच्या मागोमाग तुम्ही येता. उंब्रजचं पोस्ट, त्याच्या पाठीमागच्या आपल्या दोन खोल्या, आणि मधे एकच दार. आई ते दार लावून घ्यायची, कारण यंत्र वाजू लागलं की तिचा हात कणकेतच थांबायचा. लढाईची वर्षं होती. आसपासच्या गावांतल्या घराघरातून कुणी ना कुणी पलटणीत गेलेलं. तार आली म्हणजे माणूस गेला, असंच लोक धरून चालत. तुम्ही मात्र पेन्सिलीनं शांतपणे एकेक अक्षर उतरवून घ्यायचात, पाकीट चिकटवायचात आणि शिपायाच्या हाती द्यायचात. आत काय आहे ते गावात फक्त तुम्हाला ठाऊक असायचं, आणि तुमच्या चेहऱ्यावरून ते आईलासुद्धा कधी कळलं नाही.

मला तो दिवस सांगायचा आहे ज्या दिवशी तुम्ही मला बोललात. मी पंधरा वर्षांची होते. दुपारच्या भाकऱ्या चालल्या होत्या आणि ओट्यावर एकदम गलका झाला. वरच्या आळीतली आत्याबाई बंद पाकीट छातीशी धरून आली होती. मागे तिची सून, आणि सुनेच्या मागे निम्मी आळी. तारा तेव्हा इंग्रजीतच यायच्या. इंग्रजी वाचणारे शाळेतले गुरुजी कऱ्हाडला गेलेले.

"आवं मास्तर, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा. माजा ल्योक हाय का न्हाई, एवढंच सांगा."

तुम्ही खिडकीतून म्हणालात, "आत्याबाई, तारेतला मजकूर सरकारी नोकरानं तोंडानं सांगायचा नाही, असा नियम आहे. वाचणारं कुणी घेऊन या."

"तुमीच लिवली न्हवं? मग तुमास्नी ठावं हाय की."

"ठाऊक आहे. पण सांगता येत नाही."

तुमचं ते 'ठाऊक आहे' ऐकून आत्याबाई मटकन खाली बसली आणि तिनं सूर काढला. बायकांनी तो उचलला. एका शेजारणीनं तर सुनेचा मनगटापाशी हात धरला, बांगड्यांच्या वर. सून माझ्याच वयाची, नदीवर आम्ही बरोबर धुणं धुवायचो. ती रडतही नव्हती, नुसती बांगड्यांकडे बघत होती. मी तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले, आत्याबाईच्या मुठीतून पाकीट सोडवलं आणि फोडलं. माझं इंग्रजी ते केवढं, पण चार शब्द होते. "आत्याबाई, रजा मिळालीय. शुक्रवारी येतोय."

रडणं एकदम थांबत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. बायका काही वेळ तशाच रडत राहिल्या, मग एक हसली, मग सगळ्याच. आत्याबाईनं त्या शेजारणीला अशी काही शिवी दिली की तुम्ही खिडकी लावून घेतलीत. सून माझ्या गळ्यात पडली, तिच्या लुगड्यावर माझे पांढरे पंजे उमटले.

मला वाटलं होतं तुम्ही खूश व्हाल. जेवताना तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "आज बातमी चांगली होती. वाईट असती तर? वीस माणसांत, ओट्यावर उभी राहून, अशीच मोठ्यानं सांगितली असतीस?" आई म्हणाली, "मग काय बांगड्या फुटू द्यायच्या होत्या?" भाकरीचा तुकडा तुमच्या हातात तसाच राहिला. मग तुम्ही जे म्हणालात ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "नियम खोटा नाही गं. अर्धा आहे."

उरलेला अर्धा नियम लिहायला तुम्ही त्याच आठवड्यात बसलात. अर्ज इंग्रजीत, वळणदार. तुम्ही कच्चा लिहायचात आणि मी पक्का उतरून काढायचे, म्हणून माझं इंग्रजी सुधारलं. मजकूर गुप्त ठेवायचा तो तार ज्याच्या नावची आहे त्याच्यासाठी, आणि इथे त्याच्यापासूनच तो गुप्त राहतो आहे, तर त्याला तो वाचून दाखवण्याची परवानगी मिळावी, असं तुम्ही लिहिलं होतंत. वरून एका ओळीचं उत्तर आलं: नियमात तरतूद नाही. तुम्ही दुसरा अर्ज केलात. त्याला उत्तरच नाही. तिसऱ्याला मात्र लांबलचक कागद आला, की पोस्टमास्तरांनी स्वतः कधी मजकूर फोडला आहे काय, याचा खुलासा करावा. आई घाबरली. बदली होईल, नोकरी जाईल, कुठे त्या आत्याबाईच्या नादी लागलात, म्हणून तिनं दोन दिवस अबोला धरला. तुम्ही खुलासा लिहिलात आणि त्याच पाकिटात चौथा अर्ज घातलात. मी म्हटलं, आप्पा, हे जास्त होतंय. तुम्ही म्हणालात, "तिकीट एकच लागतं."

मग साताऱ्याहून इन्स्पेक्टर आले. उंच, कडक इस्त्रीचे, बोलणं मोजकं. सकाळभर त्यांनी दप्तर तपासलं. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तुमचे चारही अर्ज त्यांच्यापुढे ओळीनं मांडलेले होते. "हे एवढं काय आहे?" असं ते विचारत होते, आणि तुम्ही उत्तराला सुरुवात करणार तोच एक गडी पाकीट हातात घेऊन आत शिरला. माण तालुक्याकडचा, खांद्यावर घोंगडं. त्या मोसमात मेंढरं घेऊन आपल्या शिवारात उतरलेला. तुमच्या मागे कोटातला माणूस बसलेला पाहून तो थेट त्याच्याकडे गेला.

"सायेब, तुमी तरी वाचा. जावय पलटणीत हाय माजा. लेक बी तिकडंच हाय, त्याच्यासंगट."

इन्स्पेक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही, आप्पा, शाईच्या दौतीकडे बघत होतात. तेवढं पक्कं नाटक तुम्ही जन्मात दुसरं केलं नसेल. तो गडी उंबऱ्यावर बसला, पटका सोडून मांडीवर ठेवला आणि मुकाट रडायला लागला. मोठं माणूस आवाज न करता रडतं तेव्हा बघवत नाही. इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठले, त्याच्या शेजारी वाकले, पाकीट फोडलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाले.

"पोरगी?" गडी ओरडला. "पोरगी झाली व्हय? आन् दोघी बऱ्या हायत? मग मी रडतोय कशाला!"

त्यानं पटका बांधला, इन्स्पेक्टरांचे पाय धरले, नंतर तुमचे, आणि मी समोर दिसले म्हणून माझ्याही डोक्यावर हात ठेवून गेला. इन्स्पेक्टर बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "पोस्टमास्तर, अर्ज पुन्हा लिहा. खाली माझी शिफारस घालतो." त्या दिवशी ते आपल्याकडे पिठलं-भाकरी जेवले आणि आईला म्हणाले, "वहिनी, हे फार हट्टी आहेत." आई म्हणाली, "आम्हाला विचारा की."

परवानगी यायला सहा-सात महिने लागले. तार ज्याच्या नावची आहे त्यानं स्वतः विनंती केल्यास, आणि फक्त त्यालाच, हळू आवाजात, त्याच्या भाषेत. यातलं 'हळू आवाजात' तुमचं होतं, ते मीच पक्क्या कागदावर उतरवलं होतं. पण विनंती केल्यास, म्हणजे त्यांनी आधी विचारायला हवं, आणि माणसं तर घाबरून बोलेनाशी झालेली. मग तुम्ही खिडकीत उभे राहून म्हणायचात, "मावशी, मला काही विचारायचंय का तुम्हाला? आठवून बघा. काहीतरी विचारायचं असेल." आत आई पदर तोंडात कोंबून हसायची. आणि ज्या मोजक्या वेळी बातमी खरोखरच वाईट होती, तेव्हा तुम्ही विनंतीची वाट न पाहता मधलं दार उघडलंत, त्या बाईला आपल्या चुलीपाशी बसवलंत आणि आईला जवळ बोलावलंत. अशा वेळी मी बाहेर उभी राहायचे. तुमचा आवाज कधी बाहेर आला नाही.

स्वराज्य आलं, आणि काही काळानं तारेलाही नागरी अक्षरं आली. तुम्ही त्या वयात नवी खूण-लिपी शिकायला बसलात, ताटावर चमच्यानं कट्टकट्ट वाजवत. आई म्हणायची, जेवायचंय की क ख ग घ गिरवायचंय? तेव्हा मी सांगलीला तार ऑफिसात लागले होते. माझ्या हातून गेलेली पहिली मराठी तार तुमच्याच यंत्रावर उतरली. "सुखरूप आहे, काळजी नसावी." उलट तार आली: "वेलांटी चुकली."

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. सांगलीच्या खिडकीवर मी तीस वर्षं काढली. मराठी तारा आल्या तरी इंग्रजीतल्या येतच होत्या, मीच उतरवून घेतलेल्या, आणि लोक त्या घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे. वाईट बातमी मी तुमच्यासारखीच आत नेऊन सांगितली, अगदी तुमच्यासारखी. पण चांगली असली ना आप्पा, की विनंतीबिनंती मी एकदाही येऊ दिली नाही. माणूस रांगेत मागे असतानाच ओरडून सांगायचे.