हात लावायचा नाही

१८ फेब्रुवारी, अकोला

फाटकावरच्या बुधाजी चौकीदाराने आज मला कढीपत्ता तोडू दिला नाही! माझ्याच डाळ मिलच्या आवारात!

"कोर्टानं सांगतलं, कोनीच कायले हात लावाचा नाही. मालकीन असाल तुमी!"

मिल दिवाळखोरीत गेली तेव्हा तो कागद आला. पाच ओळी. वसुली नाही, जप्ती नाही, दावा नाही. त्या दिवसापासून पैशासाठी फाटकावर ओरडणारेही गप्प. ते मुंबईचं कोर्ट मी पाहिलंसुद्धा नाही — आणि त्याच्या पाच ओळी इथे एमआयडीसीत भिंतीसारख्या उभ्या!

२४ फेब्रुवारी

त्या कागदाने दिलेले एकशे ऐंशी दिवस ११ मार्चला संपतात. मिल सावरायची माझी योजना अर्धीच लिहून झालीय. मुदत वाढली नाही तर मिल मोडीत, चाळीस माणसं घरी. कोर्टाने नेमलेले साहेब म्हणाले, अजून नव्वद दिवस मागता येतील — पण आधी कर्ज देणाऱ्यांची शंभरात सहासष्ट मतं हवीत. बँक तयार आहे. तेवढ्याने भागत नाही. उरलेलं दुर्गाबाईंच्या हाती.

दुर्गाबाई! अमरावतीच्या, निवृत्त नर्स. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेल्या. ग्रॅच्युइटी त्यांनी विश्वासाने मिलला कर्जाऊ दिली. सहा महिने मी त्यांना फोन केलेला नाही. बोलणंही मना असेल, असं धरून चाललेय.

३ मार्च

दुर्गाबाईंचं मत — होकार!

ज्या भिंतीने त्यांना स्वतःच्याच पैशापासून अडवलंय, तिला त्यांनीच टेकू दिला. असं कोण करतं?

१० मार्च

वाढली! एक दिवस उरला असताना!

बुधाजी म्हणतो, "म्हन्जे कढीपत्ता अजून तीन महिने बंदच!"

साहेबांना भीत भीत विचारलं, दुर्गाबाईंशी बोललं तर चालेल? ते हसले. "मॅडम, कायद्याने वसुली थांबवली. बोलणं कोणी थांबवलं?"

आणि कढीपत्त्यावरून बुधाजीला हसत होते मी!

१२ मार्च, अमरावती

बेल वाजवली. दार उघडेचना. मग आतून, "थांब वं माय, येऊन राहिली." हातात वॉकर.

"काही नाही वं. गुडघ्याचं ऑपरेशन होतं या महिन्यात. डॉक्टरले सांगतलं — कोर्टानं मुदत वाढवली."