देवाच्या वाट्याचं भात

८ मार्च १९५३, रविवार
मिस्सानंतर नवे फादर जेरोम घरी चहाला. मंगळूरकडचे, पस्तिशीचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. आयलाही 'आपण' म्हणतात. आय लाजून आत गेली.
मग मला देवळामागची कोठी दाखवली. छपरापर्यंत भाताच्या गोणी. उंदीर, ओल. "मास्तर, हे काय आहे?"
दशांश, म्हटलं. गावचे म्हणतात देवाचा वाटा. मळणी झाली की खळ्यावरूनच दहा पाट्यांतली एक देवळात. फिरंग्यांच्या राज्यात सक्ती होती, न देणाऱ्याचं खळं अडवत. सक्ती गेली, पाटी राहिली.
"आणि याचं करतात काय?"
ठाऊक नव्हतं. म्हणालो, पडून असतं.

१९ एप्रिल, रविवार
फा. पुन्हा कोठीविषयी. ठाण्याच्या अनाथाश्रमात मुलं एकवेळ जेवतात, म्हणाले. मी म्हणालो, मग भरडून पाठवा. पुढल्या वर्षापासून पाकिटात पैसे घ्या, सुटसुटीत. धान्यात दान देणं हा मागच्या शतकांचा रिवाज. बराच वेळ बोललो. बायबलातलं लेवीयाचं पुस्तकही काढलं. ते ऐकत होते. माणूस ऐकतो चांगलं.
आश्रमाला पत्र मीच लिहून दिलं.

११ मे
दोन गाड्या भरून कल्याणला, गिरणीत. बापा बांधावरून आला, बैलांपाशी उभा राहिला.
"सगला?"
"सगळं."
"पाद्रीन सांगितला?"
"हो."
त्याने एका गोणीवर हात ठेवला. मग बाजूला झाला. गाड्या गेल्या.

१७ मे
अनाथाश्रमाचं उत्तर. मुलांनी दोन्ही वेळा भात खाल्ला. फा.नी पत्र दोनदा वाचून दाखवलं. मला खरोखर आनंद झाला. हेही लिहून ठेवतो.

२८ जून
पेरण्या आटोपल्या. खारीच्या शेतात लावणी नाही. राता भाताला, खाऱ्यात तगणाऱ्या लाल भाताला, मोड आणून तेच फेकतात. बापा म्हणतो, यंदा बी दाट पडलं. घरात मूठभरही ठेवलेलं नाही. कुणीच ठेवत नाही.

१३ जुलै, सोमवार
काल अवसेच्या उधाणाने खाडीचा बांध फुटला. पंधरा हात खांड. सकाळी पाहिलं तर आमच्या शेतावरून होडी जाईल एवढं पाणी, खारं. वीतभर आलेलं रोप खाली.
बापा गुडघ्याएवढ्या पाण्यात. म्हणाला, "बांध घालू. खार पावसान धुवून जाल. मंग परत फेकू."
"बी कुठे आहे?"
त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोठीत."
एवढंच बोलला. मग त्यालाच आठवलं.

त्याच दिवशी, दुपारी
आयला विचारलं. मागे बांध फुटला तेव्हा मी मुंबईला बोर्डिंगात होतो. तेव्हा जुन्या पाद्रीने न मागता कोठी उघडली होती. घरटी गोणी. त्याच्या आधीही, तिच्या सासूच्या वेळेला. कोठीत राताच घालायचं, दुसरं भात चालत नाही, ते यासाठी.
"मग मे महिन्यात कुणी बोललं का नाही?"
"देवाला दिलेला. तो परत कसा मांगाचा? पाद्रीला कलतंय म्हनून समजलू."

१४ जुलै
पुरुष बांधावर. बायका देवळात गेल्या. मी पायरीवर. फा.नी कोठी उघडून दाखवली. झाडलेली, चुना दिलेली, स्वच्छ.
"तांदूळ आहे," फा. म्हणाले. "आश्रमातून परत मागवतो. सर्वांना देतो."
म्हातारी रेमेत पुढे झाली. नव्वदीची असेल. त्यांच्या हाताला हात लावून हळू म्हणाली, "पाद्री, तांदलाला मोड येत नाय रं."
कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

१५ जुलै
फा. शाळेत आले. दारातूनच, "मास्तर, आपल्याला ठाऊक होतं?"
"नाही."
"मलाही नव्हतं." सायकल वळवली. मी काय काय बोललो होतो, त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही.

१७ जुलै
बांध बुजला. माती, पेंढा, दगड. बापाचे पाय फुटलेत. भरडायचं मीच सुचवलं, हे त्याला रोज सांगायचं ठरवतो. रोज तो जेवून लगेच झोपतो.

१८ जुलै
फा. तीन दिवस सायकलवर. शीळफाट्याच्या बाजूची आगऱ्यांची गावं पालथी घालताहेत. दोन ठिकाणी नकार. आज मी बरोबर गेलो. चिखलात दोघेही पडलो. तिसऱ्या गावचा पाटील ओटीवर बसून पाहत होता.
"या पाद्रीबाबा. झगा खाली ठेवा, त्यालाच आधी मोड येतील."
बी कशाला हवं ते फा.नी सांगितलं. तांदूळ केल्याचंही सांगितलं. पाटील खूप हसला, मग थांबला.
"आमचे गावदेवीचा पन वाटा हाय. राताच हाय. पन आमचा बांध फुटला तं?"
फा. म्हणाले, "मग आपण देऊ नका."
पाटील आत जाऊन आला. "आर्धा न्या. आर्धा देवीजवल राहूदे."

२२ जुलै
चार दिवस पाऊस. उघाडीतून, बांधातल्या झडपेतून, पाणी सोडत राहिले. बापा बोट बुडवून चाखतो, थुंकतो. आज थुंकला नाही. मोड आलेलं बी फेकलं. गावच्या निम्म्या शेतांना पुरलं. आमचं वरचं शेत झालं, खालचं रिकामं. खालच्याचं बी बापाने रेमेतकडे दिलं.

२६ जुलै, रविवार
वरच्या शेतात हिरवी सुई दिसते. सगळीकडे नाही. बांधाकडच्या बाजूला काहीच नाही.
मिस्सात फा. वेदीवरून बोलले. "भात भरडण्याची कल्पना माझी, चूक माझी एकट्याची. ती मला कुणी सुचवली नव्हती. क्षमा असावी. सुगीला पूर्वीसारखी पाटी आणा, पाकीट नको."
मी पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. उठून उभं राहता आलं असतं. बापा शेजारी होता. त्याने एकदाही मान वळवली नाही.
परतताना बांधावरून आलो. भरती चढत होती. आज पुनव, उद्याचं पाणी आणखी मोठं. नव्या मातीवर बापाने पाय आपटून पाहिला.
"पाद्री भला मानूस हाय," म्हणाला. "देवलात उभा राहून खोटा बोलला."
मी काही म्हणणार, तेवढ्यात त्याने माझ्या हातात फावडं दिलं. स्वतः पाटी उचलली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे माती टाकत होतो.